बाटलीवर काय लिहिलंय?

दाजींचा फोन आला तेव्हा मी शेपू निवडत बसले होते. सकाळची वेळ, नांदेडात ऊन आत्ताच अंगाला चटके द्यायला लागलेलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सणवार सोडला तर स्वतःहून फोन न करणारे गृहस्थ. "शैला, तुझी अक्का गेली," एवढं म्हणाले आणि थांबले. त्यावर माझ्या तोंडून जो पहिला प्रश्न निघाला तो आठवला की मला लाजही वाटते आणि हसूही येतं. मी विचारलं, "काय खाल्लं होतं तिनं?" दाजी म्हणाले, "उपमा." सकाळचा चहा हातात असतानाच तिचं हृदय बंद पडलं होतं. उपम्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण ज्या घरात जन्मभर विषाच्याच गोष्टी झाल्या, तिथल्या माणसाला मरणाची बातमी कळली की तो आधी ताटाकडं बघतो. मला ती सवय अक्कानंच लावली होती.

लातूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अक्का औषधशास्त्र शिकवायची. डॉक्टर कुमुद म्हणून विद्यार्थी तिला घाबरायचे. पण गावोगावचे लोक तिला ओळखायचे ते फोनमुळं. दवाखान्याच्या जिन्याखाली एक खोली होती, तिच्यात एक टेबल, कपाटभर पुस्तकं आणि तो फोन. कुणाच्या पोटात नको ते गेलं, की जळकोटच्या सरकारी दवाखान्यातला नवशिका डॉक्टर असो नाहीतर निलंग्याची घाबरलेली आई असो, सगळे तिथं फोन लावायचे. पलीकडून अक्का बोलायची, नाहीतर तिनं तयार केलेलं कुणीतरी. नमस्कार-चमत्कार काही नाही. "बाटली हातात हाय का? बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा." मग काय गेलं, किती गेलं, कधी गेलं, वय काय, वजन काय. "मिठाचं पाणी पाजू नका, बोटं घालून ओकारी काढू नका, बाटली घ्या आणि निघा." पाठ झालंय मला सगळं. एक प्रश्न मात्र त्या खोलीत विचारायला बंदी होती, तो म्हणजे हे कुणामुळं झालं. मी एकदा तिला म्हटलं, अगं, निष्काळजी आईबापांना दोन शब्द सुनवायला नकोत का? तर म्हणाली, "शैले, चूक कुणाची म्हणून विचारलं की माणूस खोटं बोलतंय. दोन घोट गेले असले तर एकच सांगतंय. लेकरू वाचवायचं असंल तर आईला कोर्टात उभं करायचं न्हाई." मला ते पटलं. इतकं पटलं, की पुढं आमच्या घरावर वेळ आली तेव्हा मी तो नियम पाळला... आणि तिथंच सगळं चुकलं.

तिचं हे वेड लहानपणापासूनचं. आम्ही निलंग्याच्या. वडील शाळामास्तर. शाळेच्या कुंपणाला चंद्रज्योतीची झाडं होती, आणि त्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात हा शोध एका दुपारी आम्हा पोरींना लागला. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या साऱ्या पोरी ओट्यावर ओळीनं बसून ओकत होत्या. आई घराघरांतून एकच विचारत फिरली, "आधी कुणी तोडल्या?" सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं, मी शेजारच्या सुशीकडं. अक्कानं मात्र प्रत्येकीजवळ जाऊन हळूच विचारलं, "तू किती खाल्ल्या?" तिला सगळ्यांनी खरं सांगितलं. दवाखान्यात कंपाउंडरनं तोच प्रश्न केला तेव्हा वडील छताकडं बघू लागले आणि अक्कानं घडाघडा सांगितलं. ती तेव्हा सातवी-आठवीत असेल. मला मार पडला तो वेगळाच.

भूकंपाच्या वेळी ती लातूरच्या कॉलेजात नुकतीच लागली होती. किल्लारीकडची गावं मातीमोल झाली, पत्र्याची शेडं उभी राहिली. जखमी, हाडं मोडलेली माणसं दवाखान्यातून हळूहळू परत गेली आणि मग शेडांमधून लेकरं यायला लागली, रॉकेल प्यालेली. एक झालं, दोन झाली, येतच राहिली. मी एका रविवारी तिच्याबरोबर गेले होते, जुने कपडे आणि भाकरी घेऊन. एका शेडमध्ये तरणी बाई खोकणारं लेकरू मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिच्या बाजूला जमिनीवरच पाण्याची बाटली, रॉकेलची बाटली, तेलाची बाटली, तिन्ही बहिणी बहिणी. मी लगेच तोंड उघडलं, "अगं बाई, रॉकेल असं खाली ठेवतात का?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "पहिल्या घरात कोनाड्यात राहायचं वो बाई. लेकराचा हात न्हाई पुरायचा. हितं कोनाडा कुठाय?" अक्का पत्र्याच्या त्या सपाट भिंतीकडं बघतच राहिली. पुढच्या रविवारी ती गेली ती दाजींना घेऊन, दाजी पाटबंधारे खात्यातले, आणि फळ्या, खिळे, हातोडा घेऊन. नवी नवरी नवऱ्याला घेऊन शेडाशेडांत उंचावर फळ्या ठोकत फिरली. दाजी म्हणायचे, आमचा मधुचंद्र तिकडंच झाला. घर पडलं की कोनाडेही पडतात, हे इतक्या मोठ्या मोठ्या लोकांतून तिलाच सुचलं, आणि त्यातूनच पुढं ती फोनची खोली उभी राहिली. विष म्हणजे अक्काच्या लेखी कधी कट-कारस्थान नव्हतं. वस्तू जागच्या हलल्या, की ते होतं.

मग लातूर बदललं. पोरांच्या झुंडी यायला लागल्या, गल्लोगल्ली क्लास, वर होस्टेल, खाली मेस. अर्धापूरच्या केळीवाल्यांची पोरं काय, देगलूरची काय, सगळी डॉक्टर व्हायला लातुरात. पेपरवाले लातूर पॅटर्न लातूर पॅटर्न करायचे, तेव्हा अक्का म्हणायची, माझ्याकडं या, मी दुसरा दाखवते. तिच्या फोनला ऋतू होते. पेरणी झाली की फवारणीचे फोन. पाऊस लागला की उंदराच्या औषधाचे. दिवाळीच्या आधी घरं रंगवायला काढली की थिनरचे. क्लासेस सुरू झाले की होस्टेलमधून ढेकणाच्या औषधाचे, कारण नव्या पोराच्या गादीवर ते मारायचं आणि त्याच हातानं डबा खायचा. उन्हाळ्यात पाण्याच्या बाटलीत भरलेल्या भलत्यासलत्या गोष्टींचे. आणि निकालाच्या दिवसांत... तिथं ती थांबायची. "त्या दिवसांत फोनचा सूरच येगळा असतोय, शैले," म्हणायची आणि बोटं मोडत बसायची. त्या फोनांबद्दल तिनं मला कधी काही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, पण कळायचं ते कळलं होतं.

हे सगळं माहीत असून मी माझी एकुलती एक मुलगी अक्काकडं शिकायला ठेवली. रेवतीला डॉक्टर व्हायचं होतं, ते मावशीकडं बघूनच. मी पोस्टात काउंटरवर, हिचे वडील बदलीच्या नोकरीत, आणि अक्काला मूलबाळ नाही. सगळ्यांची सोय. रेवू तिथं रमली. मावशी-भाची जेवताना हाडांची नावं पाठ करायच्या आणि दाजी भात कालवत ऐकायचे. मग तो उन्हाळा आला, लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. घरात हंडे, कळशा, बादल्या, कॅन, बाटल्या, जे जे भांडं म्हणून उभं राहील त्यात पाणी. अक्काचं घर म्हणजे भांड्यांचं दुकान झालं होतं. त्यातच रेवूचा बारावीचा उन्हाळी क्लास, दर आठवड्याला परीक्षा, आणि एका परीक्षेत तिला फारच कमी मार्क पडले. रडत फोनवर म्हणाली, "आई, मला जमंल असं वाटत न्हाई." मी समजूत काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टात अक्काचा फोन आला, "रेवूच्या तोंडात चुकीचं औषध गेलं. पोरगी ठीक हाय. निघून ये."

नांदेड ते लातूर एसटीत मी काय काय विचार केले ते लिहीत नाही. ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांना ते सांगायला नको, आणि ज्यांनी केला नाही त्यांच्यावर ती वेळ न येवो. रेवू वॉर्डात पडली होती, ओठ सुजलेले, बोलता येत नव्हतं. फरशीचे डाग काढायचं ते पाण्यासारखं दिसणारं औषध असतं ना, हातगाडीवाले सुटं विकतात, त्याचा एक घोट. बहुतेक तिनं थुंकला होता, म्हणून निभावलं. मी तिचा हात धरून उभी होते, तेवढ्यात सलाईन बघायला आलेल्या नर्सनं हळूच विचारलं, "काल रिझल्ट व्हता का वो?" तेवढं एक वाक्य. ते कमी मार्क, फोनवरचं रडणं, सगळं मला तिथं एकदम जोडून दिसलं. मी अक्काकडं बघितलं तर तिनं मान खाली घातली. जन्मात कुणापुढं मान खाली न घालणारी माझी बहीण... मला वाटलं, हिला सगळं माहीत आहे आणि मला सांगवत नाही. असं काही आलं की दवाखान्याला पोलिसात कळवावंच लागतं, त्याप्रमाणं एक हवालदार आला, अक्काचा जबाब घेतला, "चुकून" असं लिहून गेला. मी मनात म्हटलं, सगळ्यांच्याच पोरी चुकून पितात. अक्का जिन्यात भेटली तेव्हा मला म्हणाली, "शैले, तुला मी सगळं सांगणार हाय. आत्ता न्हाई." मी तिचाच नियम तिला परत केला. म्हटलं, "अक्का, मला कुणाची चूक ते ऐकायचंच नाही. पोरगी जगली, बास." तिनं तोंडाला पदर लावला. माझा समज आणखी पक्का झाला.

रेवू बरी झाली तशी तिला मी नांदेडला घेऊन आले ती कायमचीच. कारण काय सांगितलं, तर लातूरला पाणी नाही, आपल्याकडं गोदावरी आहे. क्लास बंद. डॉक्टरकीचं नाव घेतलं की मी विषय बदलायचे. ती थोडे दिवस धुसफुसली, मग सायन्स कॉलेजात जाऊ लागली. आणि मी तिच्यावर पहारा ठेवला. सुताराला बोलावून न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली, मोडली म्हणून सांगितलं. ती जास्त वेळ गप्प बसली की मी हाका मारायचे, "रेवू, काय करून राहिलीस?" पोरगी वैतागून म्हणायची, "श्वास घेऊन राहिले!" तिला काय माहीत, मला तेवढंच ऐकायचं असायचं. ती नोकरीला लागली, बँकेत, तरी दर मे-जूनमध्ये मला झोप लागायची नाही. वर्षानुवर्षं मी एका गोष्टीला धरून होते आणि ती गोष्ट कुणाशी बोलता येत नव्हती. नवऱ्याशीसुद्धा.

मधल्या काळात अक्काला नवीन खूळ लागलं होतं. घरात रिकामी झालेली एकही प्लॅस्टिकची बाटली ती तशी टाकायची नाही. पोती शिवायचं दाभण गॅसवर लाल करायचं आणि बाटलीच्या बुडाला भोक पाडायचं, म्हणजे तिच्यात पुन्हा कुणी काही भरायला नको. गॅसजवळ खिळ्याला दाभण टांगलेलं असायचं. तिच्या दारात पाय ठेवला की आधी जळका वास नाकात शिरायचा. मी म्हणायचे, अक्का, लोकांच्या घरात उदबत्ती लावतात. प्रवासातल्या बाटल्यासुद्धा ती पिशवीत भरून घरी आणायची. एका संक्रांतीला तिला मी आमच्या कॉलनीत हळदीकुंकवाला बोलावलं, बायकांना चार गोष्टी सांगायला. तिळगूळ झाला आणि बाईसाहेबांनी वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात काय ठेवावं? दाभण! एकेका बाईचं तोंड बघण्यासारखं झालं. कुणीतरी पुटपुटलं, "सवाष्णीला कुणी सुई देतंय का?" अक्का म्हणाली, "डब्या लई झाल्या तुमच्याकडं. त्यात काय काय भरता ते मला म्हाईत हाय."

मग तिनं एक गोष्ट सांगितली. एक बाई होती, म्हणाली, लई शिकलेली, दुसऱ्याला शहाणपण शिकवणारी. दुष्काळात तिला पाणी साठवायला भांडी पुरेनात. न्हाणीत फरशीच्या औषधाचा मोठा कॅन व्हता, अर्धाच भरलेला. वापरायच्या पाण्याला कॅन मिळतोय या आनंदात बाईनं उरलेलं औषध ओतलं पाण्याच्या बाटलीत, आणि ठेवली बाटल्यांच्याच रांगेत. चिठ्ठी नंतर लावू म्हणली. घरात शिकायला ठेवलेली पोरगी उन्हाची क्लासवरून आली... बायका च्, च् करू लागल्या. अक्का बोलता बोलता पहिल्या रांगेत माझ्याकडं बघत होती. तिनं विचारलं, "आता सांगा, ह्या बाईला काय शिक्षा द्यावी?" एकजण म्हणाली, असल्या बाईच्या हातचं पाणी पिऊ नये. दुसरी म्हणाली, तिलाच पाजावं. हशा झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, बघा, अक्कानं माझ्या पोरीची लाज झाकायला केवढी गोष्ट रचली. चारचौघांत सगळा दोष एका न झालेल्या बाईच्या डोक्यावर घातला. मला तिचे पाय धरावेसे वाटले. मी मोठ्यानं म्हणाले, "पोरगी वाचली ना? मग सोडा तिला!" अक्का पेला उचलून पाणी प्याली आणि कार्यक्रम तिथंच आवरला. घरी आल्यावर माझ्या हातची ज्वारीची भाकरी, वरणाबरोबर, अशी जेवली जशी कितीक दिवसांची उपाशी होती. दुपारी लहानपणासारखी माझ्या अंगावर पाय टाकून झोपली. मला वाटलं, दमली बिचारी.

अक्काचं तेरावं झालं त्या दिवसाची गोष्ट. लातूरच्या घरात आलेगेले पांगले होते आणि मागं पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांची ही रास पडली होती. मी आणि रेवू स्वयंपाकघर आवरत होतो. रेवूनं काही न बोलता खिळ्यावरचं दाभण काढलं, गॅस पेटवला आणि भोकं पाडायला बसली. मी डोळे पुसत म्हटलं, "अक्काचं हे खूळ पहिल्यापासूनचं."

"पहिल्यापासून कुठं?" रेवू म्हणाली. "माझ्या बाटलीनंतर सुरू केलं मावशीनं."

"तुझ्या कोणत्या बाटलीनंतर?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं माझं वय झालंय. मग सांगू लागली. त्या दुपारी क्लासवरून आली, रांगेतली बाटली उचलली, तोंडाला लावली, आग झाली, थुंकलं. मावशीचा जिन्याखालचा नंबर तिला पाठ होता, तिनं थेट तिथंच फोन लावला. मावशीनं आवाज ओळखला नाही, ठरलेला प्रश्न विचारला, "बाटली हातात हाय का? बाटलीवर काय लिहिलंय?" रेवू म्हणाली, "मावशी, पाण्याचीच बाटली हाय." तर पलीकडून काहीच ऐकू येईना... "मला वाटलं फोन कटला. मग मावशी म्हणली, मी भरलेली हाय ती. आलेच."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मी म्हटलं, "तू हे मला का सांगितलं नाहीस?" रेवू म्हणाली, "मावशी म्हणाली होती, आईला मी सांगते, तू सांगू नको. तिनं सांगितलं ना?" आणि मग तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला तो मी बघत होते. "आई, मग तुला इतकी वर्षं काय वाटत होतं?" मी पातेलं पुसायला लागले. ती म्हणाली, "आई... म्हणून ती न्हाणीची कडी?" मी मान हलवली. पोरगी गॅस बंद करून माझ्याजवळ आली आणि मला मिठी मारून हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "मला वाटलं, तुला लातूरच आवडत न्हाई."

दाजी दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. पंच्यानं तोंड पुसत म्हणाले, "कॅन मीच मागितला व्हता. पाण्याचा टँकर आला व्हता दारात, भांडं न्हवतं. ती ओतून द्यायला लागली आणि मी घाई केली." मी विचारलं, "दाजी, तिनं मला का नाही सांगितलं?" ते चकित झाले. "असं कसं? सांगितलं की तुला. नांदेडला, हळदीकुंकवाला, सगळ्यांसमोर. घरी आली ती दारातूनच म्हणली, शैलीनं मला सोडलं वो. त्या दिवसापासून तिला नीट झोप यायला लागली."

आता मी काय करावं, सांगा. दीड महिना झाला, मी ह्या एका गोष्टीभोवती फिरतेय आणि मला अजून धड राग येत नाही आणि धड रडूही येत नाही. तिनं मला खरं सांगितलं आणि मी ते खोटं समजून तिचे उपकार मानले. तिनं माफी मागितली, मी ती तिच्या चांगुलपणाला दिली. ती सुटली आणि मी अडकून राहिले. खरं तर राग यायला पाहिजे. बाई, तू इतकी स्पष्टवक्ती, तुला एकदा माझ्या तोंडावर म्हणता आलं नाही, मी भरलं म्हणून? तुला चार बायकांची पंगत कशाला लागली? माझ्या पोरीचं डॉक्टर होणं गेलं, माझी झोप गेली. असा राग येतो आणि अर्ध्या वाटेत मला तो जिना आठवतो. ती तिथं सांगायलाच उभी होती आणि मीच म्हटलं होतं, कुणाची चूक ते ऐकायचंच नाही. तिचाच नियम. शेकड्यानं लेकरं त्या नियमानं वाचली असतील, आणि आमच्या दोघींत मात्र त्यानं ही भिंत उभी केली. मग राग त्या नियमावर करावा, तर रेवू तरी वाचली कशानं? तिला मावशी रागावेल ही भीती नव्हती म्हणून तिनं तत्काळ फोन लावला. माझ्या घरात असती तर आधी बाटली लपवली असती. गणित काही सुटत नाही. आणि ह्या सगळ्याच्या खाली एक गोष्ट आहे जी म्हणायला मी घाबरते, ती ही की मला आनंद झालाय. माझ्या लेकीला कधीही मरायचं नव्हतं. बहिणीच्या तेराव्याला मला जन्मात झाला नसेल एवढा आनंद झाला, आणि तो जिला सांगायचा तीच तिथं नव्हती.

परवा नांदेडला घरी सुताराला बोलावलं आणि न्हाणीघराला कडी बसवून घेतली. रेवू आत जाऊन ती लावून, काढून, पुन्हा लावून बघत होती. मग मी कपाटाच्या तळाशी धुंडाळलं तेव्हा संक्रांतीचं ते वाण सापडलं, कागदात गुंडाळलेलं, गंजलेलं. त्या दिवशी घरी आणून टाकलं ते कधी वापरलंच नव्हतं. घासलं, गॅसवर धरलं, आणि सकाळीच रिकामी झालेली बाटली घेतली. पहिल्या खेपेला भोक वाकडं पडलं, बोट भाजलं, घरभर तो जळका वास पसरला, आणि तो वास आला तशी मी ओट्याला धरून मनसोक्त रडले. अक्का भोक पाडल्यावर बाटली नळाखाली धरून बघायची, तशी मीही धरली. पाणी भरत होतं आणि खालून निघून जात होतं. अक्का, आता मला सगळं माहीत आहे, आता विचार. ह्या बाईला काय शिक्षा द्यावी? आधी तुझ्याशी दोन महिने बोलले नसते. तुझ्या दारात आले असते तरी पाणीसुद्धा घेतलं नसतं. आणि मग एक दिवस एसटीत बसून आले असते, तुझ्या हातची भाकरी खाल्ली असती, आणि तेच म्हणाले असते जे तेव्हा म्हणाले होते. पोरगी वाचली ना.